कमांड-लाईन टूलला धड हेल्प मेसेज कसा लिहायचा (पहिलंच टूल बनवणाऱ्यांसाठी)

--हेल्प टाईप केल्यावर टूल जी माहिती दाखवतं ती कुणी हौसेनं वाचत नाही. ज्यानं ते टाईप केलंय तो कामाच्या मधेच अडकलेला असतो, त्याला एखादा फ्लॅग (कमांडमागे डॅश लावून द्यायचा ऑप्शन) आठवत नसतो किंवा फाईलचं नाव आधी द्यायचं की नंतर एवढंच बघायचं असतं, आणि पटकन सापडलं नाही तर तो सरळ सर्च करायला जातो नाहीतर टूलच सोडून देतो. हे डोक्यात पक्कं ठेवून लिहायला बसलात तर पुढचे निम्मे प्रश्न पडतच नाहीत. मी बरीच छोटी टूल्स लिहिलीत, इतरांच्या टूल्सची हेल्प नीट करून दिलीय, आणि नवीन माणूस दर वेळी त्याच त्याच जागी अडखळतो असं दिसलं म्हणून एकदा क्रमानं लिहून काढतोय.

उदाहरणाला एक टूल धरू. फोटोंच्या फाईल्सना फोटो काढल्याच्या तारखेवरून नाव देतं, त्याचं नाव 'फोटोनाव'. कमांड आणि फ्लॅग मी इथं देवनागरीत लिहितोय, टाईप करताना अर्थात इंग्रजी अक्षरं.

सुरू करण्याआधी जवळ काय हवं

- लोक तुमच्या टूलकडे ज्या तीन-चार कामांसाठी येणार त्या कामांची यादी. फीचर्सची यादी तुमच्याकडे असतेच, ती इथं चालत नाही.
- आर्ग्युमेंट पार्स करणारी, म्हणजे कमांडमागे टाईप केलेलं वाचून त्यातले फ्लॅग आणि फाईल्स वेगळ्या काढणारी लायब्ररी. पायथनसोबत आर्गपार्स येतंच, क्लिक वेगळं टाकावं लागतं. गो वाले कोब्रा घेतात, रस्ट वाले क्लॅप. हातानं लूप फिरवून पार्सिंग करू नका, अर्धी हेल्प या लायब्ररी फुकटात देतात.
- ८० कॉलम रुंदीची टर्मिनल विंडो, मोठ्या मॉनिटरवर फुल स्क्रीन करून बघू नका.
- टूल कधीच न बघितलेला एक माणूस. हा शेवटी लागेल, पण आत्ताच सांगून ठेवा म्हणजे ऐनवेळी मिळतो.

१. हेल्प मागायचे सगळे रस्ते उघडे ठेवा

कुणी -एच टाईप करतं, कुणी --हेल्प, कुणी नुसतं 'फोटोनाव हेल्प', आणि सबकमांड (टूलच्या नावामागे लिहायचं कामाचं नाव, इथं 'बदल') असतील तर 'फोटोनाव बदल --हेल्प' पण करून बघतात. हे सगळं चाललं पाहिजे. ग्नू या फ्री सॉफ्टवेअर प्रोजेक्टच्या कोडिंग नियमांत तर --हेल्प आणि --व्हर्जन प्रत्येक प्रोग्रॅमला असावेत असं लिहिलेलंच आहे.

-एच चं मात्र जरा बघून. फाईल्स आणि डिस्कची माहिती देणाऱ्या एलएस, डीएफ, डीयू मध्ये -एच म्हणजे साईज माणसाला कळेल अशी दाखव, आणि डेटाबेसच्या पीएसक्यूएल किंवा मायएसक्यूएल मध्ये -एच म्हणजे होस्ट, कुठल्या सर्व्हरला जोडायचं ते. तुमच्या टूलला असं काही खरंच लागत असेल तर ठीक, पण नवीन टूल असेल तर -एच हेल्पसाठीच राखून ठेवा, लोकांची बोटं तीच सवय घेऊन येतात.

दुसरं म्हणजे --हेल्प ओळीत कुठंही आलं तरी त्यानंच जिंकायचं. माणसानं अर्धी कमांड टाईप केली, मग शंका आली, म्हणून शेवटी --हेल्प जोडलं आणि एंटर मारलं. अशा वेळी टूलनं खरंच काम सुरू केलं तर त्याचे फोटो गेले. हाताने पार्स केलेल्या स्क्रिप्टमध्ये याहून मजेशीर प्रकार होतो, स्क्रिप्ट '--हेल्प' ला फाईलचं नाव समजते आणि त्या नावाची फाईल तयार करून मोकळी होते. मग ती साध्या आरएम नं डिलीट पण होत नाही, कारण आरएम ला तो फ्लॅग वाटतो, 'आरएम -- --हेल्प' असं करावं लागतं, मधलं '--' म्हणजे यापुढे फ्लॅग नाहीत.

काहीच आर्ग्युमेंट न देता टूल चालवलं तर? त्याला आर्ग्युमेंट लागतच असेल तर चार ओळींची छोटी हेल्प दाखवा आणि "सगळे ऑप्शन्स बघायला --हेल्प" एवढं शेवटी. टूल स्टँडर्ड इनपुटवरून (कीबोर्डवरून किंवा पाईपनं दुसऱ्या कमांडकडून येणारा मजकूर) वाचणारं असेल तर इथं एक खड्डा आहे: नवीन माणूस नुसतं नाव टाईप करतो, टूल गप्प बसून इनपुटची वाट बघतं, आणि त्याला वाटतं हँग झालं. इनपुट पाईपमधून येतंय की समोर टर्मिनल आहे हे आयझॅटीटीवाय या फंक्शननं तपासता येतं, टर्मिनल असेल तर वाट बघण्याऐवजी छोटी हेल्प द्या.

२. कुठं छापायचं आणि कुठल्या कोडनं बाहेर पडायचं

नियम दोनच आहेत, पण चुकलेले सर्रास दिसतात. स्टँडर्ड आउटपुट आणि स्टँडर्ड एरर हे मजकूर छापायचे दोन वेगळे रस्ते, आणि एक्झिट कोड म्हणजे टूल संपताना परत देतं तो आकडा.

हेल्प मागितली म्हणून दिली: स्टँडर्ड आउटपुटवर, एक्झिट कोड ०.
चूक झाली म्हणून काही सांगतोय: स्टँडर्ड एररवर, एक्झिट कोड शून्य सोडून.

कारण साधं आहे. लोक '--हेल्प | ग्रेप तारीख' असं करून त्यातला एखादा शब्द शोधतात किंवा पानापानानं वाचायला लेस मध्ये पाठवतात. हेल्प स्टँडर्ड एररवर छापली तर ती पाईपमध्ये जातच नाही, ग्रेपच्या हाती काही लागत नाही आणि सगळा मजकूर जसाच्या तसा स्क्रीनवर ओतला जातो. उलट बाजूनं, एरर स्टँडर्ड आउटपुटवर गेली तर आउटपुट फाईलमध्ये वळवणाऱ्याला स्क्रीनवर काही दिसत नाही आणि एररची ओळ त्याच्या डेटात जाऊन बसते. गो मधलं साधं फ्लॅग पॅकेज वापरत असाल तर लक्ष ठेवा, ते हेल्प बाय डिफॉल्ट स्टँडर्ड एररवर टाकतं, ते तुम्हालाच वळवावं लागतं.

चुकीच्या वापराला कुठला कोड द्यायचा यावर लोक भांडतात. आर्गपार्स २ देतं, बीएसडी या युनिक्सच्या शाखेतल्या सिसएक्झिट्स या कोडच्या यादीत यासाठी ६४ ठरवलेला आहे. मी २ वापरतो, कारण लायब्ररीच तो देते आणि वाद घालण्यात वेळ जात नाही.

३. वापराची ओळ

पहिली ओळ अशी काहीतरी:

वापर: फोटोनाव [ऑप्शन्स] <फोल्डर>...

चौकोनी कंस म्हणजे दिलं नाही तरी चालेल, तीन टिंबं म्हणजे एकापेक्षा जास्त देता येतात, उभी रेघ म्हणजे यापैकी एक. पॉझिक्स या युनिक्सच्या स्टँडर्डमध्ये हे ठरलेलं आहे आणि मॅन पेजेस (टर्मिनलमध्येच उघडणारं कमांडचं मॅन्युअल) वाचणाऱ्यांच्या डोळ्यांना सवय आहे, त्यामुळे स्वतःची नवीन चिन्हं काढू नका. टोकदार कंसातल्या जागेला खरं नाव द्या: <फोल्डर>, <तारीख>, <सेकंद>. 'आर्ग १' लिहून कुणाला काय कळणार.

आर्गपार्स ही ओळ आपणहून बनवतं आणि त्यात असतील नसतील तेवढे सगळे फ्लॅग कोंबतं, पंधरा फ्लॅग झाले की ओळीची पाच ओळींची भिंत होते. तिथं 'युसेज' मध्ये आपला मजकूर देऊन ती गप्प करा, फ्लॅग्सची यादी खाली आहेच.

४. पहिलं वाक्य

टूल काय करतं ते एका वाक्यात. "फोटो मॅनेजमेंटसाठी एक वेगवान आणि लवचिक टूल" हे वाक्य वाचून टर्मिनलसमोर बसलेल्या माणसाला काहीही मिळत नाही. त्याऐवजी: "फोल्डरमधल्या फोटोंची नावं ते काढल्याच्या तारखेप्रमाणे बदलतं. मूळ फाईलचंच नाव बदलतं, कॉपी ठेवत नाही." दुसरं वाक्य जास्त महत्त्वाचं आहे. टूल काही पुसतं का, बदलतं का, नेटवर जातं का, हे इथंच, वरच, खाली कुठल्यातरी फ्लॅगच्या वर्णनात लपवून नाही.

५. उदाहरणं

इथं सगळ्यात जास्त वेळ घाला. मी तर आधी उदाहरणं लिहितो आणि बाकीची हेल्प नंतर. लोक हेल्प वरून खाली वाचत नाहीत, आपल्या कामासारखी दिसणारी ओळ शोधतात, ती कॉपी करतात आणि फाईलचं नाव बदलून एंटर मारतात. टीएलडीआर पेजेस नावाचा अख्खा प्रोजेक्ट याच गरजेतून उभा आहे, तिथं प्रत्येक कमांडची थोडीशी उदाहरणं असतात आणि लोक मॅन पेज सोडून ते उघडतात.

सुरुवातीला केलेली कामांची यादी आता काढा, एका कामाला एक उदाहरण:

उदाहरणं:
  नावं काय होतील ते फक्त बघा, बदलू नका
    फोटोनाव --फक्त-दाखव ट्रिप
  खरंच बदला
    फोटोनाव ट्रिप
  आतल्या फोल्डर्ससकट, वेगळ्या नमुन्यानं
    फोटोनाव --आतपर्यंत --नमुना वर्ष-महिना-दिवस ट्रिप

पहिलं उदाहरण असं ठेवा की ते जसंच्या तसं चालवलं तरी कुणाचं नुकसान होणार नाही, कारण पहिलंच सगळ्यात जास्त कॉपी होतं. ओळीच्या सुरुवातीला डॉलरचं चिन्ह टाकू नका, कॉपीत तेही येतं आणि नवख्या माणसाला "कमांड सापडली नाही" असं उत्तर मिळतं. फाईलची नावं खरी वाटतील अशी द्या. आणि नावात स्पेस असलेलं फोल्डर अवतरणचिन्हांत टाकून एका तरी उदाहरणात दाखवा, लोक तिथं हमखास अडकतात.

आता उदाहरणं कुठं ठेवायची. पुस्तकाच्या पानावर महत्त्वाचं वर असतं, पण टर्मिनलमध्ये मजकूर वर सरकत जातो आणि डोळ्यासमोर उरतात त्या शेवटच्या ओळी. हेल्प एका स्क्रीनमध्ये मावत असेल तर उदाहरणं वापराच्या ओळीखाली छान दिसतात, त्याहून मोठी असेल तर मी ती सगळ्यात शेवटी टाकतो, म्हणजे वर स्क्रोल न करता दिसतात. आर्गपार्समध्ये शेवटचा मजकूर 'एपिलॉग' मध्ये जातो, पण फॉरमॅटर न बदलता टाकलात तर ते सगळ्या ओळी एकत्र करून एक परिच्छेद बनवतं आणि उदाहरणांचा चिखल होतो. 'रॉ डिस्क्रिप्शन हेल्प फॉरमॅटर' लावा.

आणखी एक. उदाहरणं शिळी होतात. फ्लॅगचं नाव बदललं, कोड बदलला, टेस्ट पास झाल्या, उदाहरण तसंच राहिलं. हेल्पमधल्या कमांड ओळी उचलून टेस्टमध्ये खरोखर चालवणारी छोटी स्क्रिप्ट लिहा, अवघड नसते.

६. ऑप्शन्सची यादी

वाईट नमुना आधी बघा:

  --टाईमआऊट    टाईमआऊट सेट करतो

हे लिहिलं नसतं तरी चाललं असतं. वाचणाऱ्याला विचारायचं असतं: किती? कशात, सेकंद की मिलिसेकंद? नाही दिलं तर काय होतं? म्हणून:

  --टाईमआऊट <सेकंद>
      सर्व्हरनं एवढ्या वेळात उत्तर दिलं नाही तर काम सोडून देतं
      (डिफॉल्ट ३०, ० म्हणजे कितीही वेळ वाट बघ)

डिफॉल्ट हातानं टाईप करू नका, कोडमधला आकडा बदलेल आणि हेल्पमधला विसराल. आर्गपार्समध्ये टक्क्याचं चिन्ह, कंसात डिफॉल्ट आणि एस असं लिहिलं की ते खरा आकडा स्वतः भरतं. यातच एक लपलेला खड्डा: हेल्पच्या मजकुरात साधं टक्क्याचं चिन्ह हवं असेल, समजा "५०% आकार", तर ते दोनदा लिहावं लागतं. एकदाच लिहिलं तर टूल एरवी व्यवस्थित चालतं आणि नेमकं --हेल्प केल्यावर कोसळू शकतं. हे टेस्टमध्ये सापडत नाही कारण टेस्टमध्ये --हेल्प कुणी चालवत नाही. पायथनच्या अगदी नवीन व्हर्जनवर असाल तरी दोनदाच लिहा, सगळीकडे चालतं.

क्रम एबीसीडीप्रमाणे लावायचा मोह टाळा. कामाप्रमाणे गट करा: कुठले फोटो घ्यायचे, नाव कसं बनवायचं, आउटपुट कसं हवं. नुसतं 'गिट' टाईप करून बघा, कमांड्स कामाप्रमाणे गटात येतात, नवीन कामाची जागा सुरू करायची असेल तर हे, इतिहास बघायचा असेल तर ते.

फ्लॅग फारच झाले तर हेल्पचे दोन मजले करा. नेटवरून डेटा आणणाऱ्या कर्लकडे दोनशेहून जास्त ऑप्शन्स आहेत, पूर्वी --हेल्प केलं की सगळे अंगावर यायचे, २०२० मधल्या ७.७३.० व्हर्जनपासून तिथं फक्त महत्त्वाचे दिसतात, बाकीचे कॅटेगरीप्रमाणे मागायचे आणि सगळेच हवे असतील तर '--हेल्प ऑल'. फाईल्समध्ये मजकूर शोधणाऱ्या रिपग्रेपमध्ये -एच छोटी हेल्प देतं आणि --हेल्प सविस्तर, क्लॅप वापरलंत तर हे फार कष्ट न घेता मिळतं. गिटमध्येही 'गिट कमिट -एच' वर छोटी यादी येते आणि '--हेल्प' वर मॅन पेज उघडतं. मात्र असे दोन मजले केलेत तर छोट्या हेल्पच्या शेवटी मोठीचा पत्ता लिहा, नाहीतर लोकांना वाटतं एवढंच आहे.

७. एरर मेसेज हाही हेल्पच

खरं तर बहुतेक लोक तुमची हेल्प पहिल्यांदा एररच्या रूपातच बघतात. युनिक्सचा जुना 'एड' एडिटर काहीही चुकलं की फक्त एक प्रश्नचिन्ह छापतो. त्या काळी स्लो टेलिटाईपवर (कागदावर छापणारं टर्मिनल) कमी छापणं परवडायचं, आज तशी काही अडचण नाही.

एररमध्ये तीन गोष्टी आल्या पाहिजेत: तुम्ही काय दिलंत, ते का चाललं नाही, आता काय करा.

  फोटोनाव: '--नमूना' असा ऑप्शन नाही. '--नमुना' म्हणायचंय का?
  सगळे ऑप्शन्स: फोटोनाव --हेल्प

सगळ्यात मोठी चूक म्हणजे एरर आली की पन्नास ओळींची पूर्ण हेल्प ओतणं. टूल लिहिणाऱ्याला वाटतं मदत केली, पण एररची ओळ वर सरकून गायब होते आणि माणूस ऑप्शन्सच्या यादीकडे बघत बसतो, काय चुकलं तेच कळत नाही. आर्गपार्स इथं बरं वागतं, छोटी वापराची ओळ आधी आणि एरर शेवटी.

"असं म्हणायचंय का" हे सुचवणं सोपं आहे, दोन शब्द एकमेकांच्या किती जवळचे आहेत ते मोजायचं आणि सगळ्यात जवळचा दाखवायचा, पायथनमध्ये त्यासाठी डिफलिब आयतं आहे. फक्त सुचवा, आपल्या मनानं चालवू नका. विशेषतः फाईल्स बदलणाऱ्या टूलमध्ये अंदाजानं कमांड चालवणं म्हणजे भांडण ओढवून घेणं.

८. रुंदी, रंग आणि मराठी मजकूर

८० कॉलम ही रुंदी १९२८ च्या आयबीएम पंच कार्डापासून चालत आलीय, १९७८ चं व्हीटी१०० टर्मिनल ८० बाय २४ चं होतं, आणि आजही बरेच टर्मिनल उघडतात ते त्याच मापात. ८० च्या आत राहा. २४ ओळींत मावलं तर फारच छान.

रंग थोडेच, आणि आउटपुट टर्मिनलवर जात नसेल किंवा 'नो_कलर' हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल सेट असेल तर अजिबात नकोत, नाहीतर फाईलमध्ये रंगांचे कोड घुसतात. आणि रंग काढल्यावर अर्थ हरवेल असं काही रंगावर टांगू नका.

हेल्प मराठीत देत असाल तर (द्या, आपल्या लोकांसाठीचं टूल असेल तर जरूर द्या) रकाने जुळवण्याच्या नादी लागू नका. सी मधलं प्रिंटएफ रुंदी बाइट्समध्ये मोजतं आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट्स घेतं. पायथन चिन्हं मोजतं पण काना-मात्रा वेगळी चिन्हं धरतं, आणि प्रत्येक टर्मिनल जोडाक्षरं आपापल्या रुंदीत काढतं. वर टाईमआऊटच्या उदाहरणात केलंय तसं वर्णन खालच्या ओळीवर, चार-सहा स्पेस आत, एवढं केलं की प्रश्नच मिटतो. फ्लॅगची नावं मात्र भाषेप्रमाणे बदलू नका, ती लोकांच्या स्क्रिप्ट्समध्ये जाऊन बसतात आणि भाषा बदलली की स्क्रिप्ट मोडते.

९. तपासणी

हे करून बघा, सगळं मिळून फार वेळ लागत नाही:

- '--हेल्प | लेस' आणि '--हेल्प > फाईल', दोन्हीकडे मजकूर आला का, रंगांचा कचरा नाही ना
- --हेल्प नंतर एक्झिट कोड ० आहे का (बॅशमध्ये एको करून डॉलर-प्रश्नचिन्ह)
- मुद्दाम चुकीचा फ्लॅग, आउटपुट डेव्ह-नल कडे (आलेलं सगळं टाकून देणारी जागा) वळवून, तरी एरर स्क्रीनवर दिसली का
- प्रत्येक सबकमांडची हेल्प, यात एखादी तरी रिकामी सापडतेच
- डॅशनं सुरू होणारं फाईलचं नाव, '--' च्या नंतर देऊन

मॅन पेज हवं असेल तर 'हेल्पटूमॅन' तुमच्या --हेल्प आणि --व्हर्जनच्या आउटपुटवरून बनवून देतं, हेल्प नीट असेल तर पेज बऱ्यापैकी नीट येतं.

मग तो आधी सांगून ठेवलेला माणूस बोलवा. त्याला एक काम द्या, "या फोल्डरमधल्या फोटोंची नावं बदल, पण आतल्या फोल्डर्सना हात लावू नको," आणि टूलचं नाव सांगून गप्प बसा. समजावून सांगायची फार इच्छा होईल, पण बोलायचं नाही, त्याच्या मागे उभं राहून बोट पण दाखवायचं नाही. तो कुठली ओळ कॉपी करतो, कुठं वर स्क्रोल करतो, कुठला फ्लॅग अंदाजानं टाईप करून बघतो ते लिहून घ्या. अंदाजानं टाईप केलेले फ्लॅग फार कामाचे असतात, दोघातिघांनी '--ड्राय-रन' टाईप केलं आणि तुमच्याकडे ते '--फक्त-दाखव' असेल तर दोन्ही नावं चालू द्या. आणि त्यानं तोंडानं विचारलेला प्रत्येक प्रश्न त्याच दिवशी हेल्पमध्ये टाका, शक्यतो त्याच्याच शब्दांत, दुसऱ्या दिवशी तो प्रश्न तुम्हाला बावळट वाटायला लागतो आणि राहून जातो.